काठ न वळवलेलं घंगाळ

ही एका फिल्मच्या पार्श्वसंगीताची केस आहे. फिल्म बावीस मिनिटांची, बजेट जेमतेम, विषय कसबा पेठेतल्या तांबट आळीतला एक म्हातारा कारागीर. लिहून ठेवतोय कारण आम्ही त्याच बावीस मिनिटांना तीन महिन्यांत तीन वेळा पूर्ण वेगळं संगीत लावलं, तिन्ही वेळा साधारण त्याच दहा-बारा माणसांना दाखवलं, आणि तेवढ्या काळात एडिटमधली एक फ्रेमसुद्धा हलवली नाही. म्हणजे जे काय बदललं ते फक्त कानावर पडणारं. असा योग परत जुळून येणं अवघड आहे.

थोडं माझ्याबद्दल, म्हणजे मी कुठून ऐकतो ते कळेल. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडक स्पर्धेच्या एकांकिकांना विंगेत बसून संगीत द्यायचो. पत्रा हलवून वीज पाडायची, सुपात तांदूळ घोळवून पाऊस पाडायचा, रिकाम्या डब्यावर बोटं आपटून घोडे पळवायचे. नंतर लॅपटॉप आला, सॅम्पल आले, जाहिराती आल्या, आणि हाताने काही वाजवायची सवय हळूहळू सुटली. हे सगळं ह्या फिल्मच्या आधीचं.

फिल्मची गोष्ट साधी आहे. म्हातारा तांबट, छातीत दम राहिलेला नाही, मुलगा हिंजवडीला नोकरीला, दुकान बंद करायचं ठरलंय आणि एक शेवटचं घंगाळ, म्हणजे अंघोळीच्या पाण्याचं मोठं तांब्याचं भांडं, पूर्ण करायचंय. मुख्य भूमिकेत नाटकातला एक अनुभवी नट आहे, पण हातांचे सगळे क्लोजअप आळीतल्या खऱ्या काकांचे. फिल्मच्या शेवटी शेवटी जवळजवळ चार मिनिटं कुणीच बोलत नाही. भट्टी, घंगाळ, हातोडा आणि चेहरा एवढंच. दिग्दर्शक माझी जुनी मैत्रीण, तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ह्या चार मिनिटांत लोक टिकले तर फिल्म झाली, नाहीतर संपलं.

पहिली फेरी

पहिलं संगीत मी पाच दिवसांत केलं. सॉफ्टवेअरमधले व्हायोलिन-चेलो, थोडा पियानो, दोन ठिकाणी बासरी. कोथरूडला तिच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये पडदा लावून दाखवलं, बारा जण होते, चहा झाला, सगळ्यांनी सांगितलं की छान झालंय, म्युझिक तर मस्तच. मी खूश होतो. ती नव्हती. ती म्हणाली, "अरे, चार मिनिटांच्या सीनमध्ये तिघांनी फोन बघितला. मी मोजलं."

दोन दिवसांनी मी त्यातल्या चौघांना फोन केले आणि सहज विचारलं की संगीतातलं काय आठवतंय. एकालाही काही गुणगुणता येईना. एक जण म्हणाला सतार छान होती. सतार नव्हतीच.

ह्यावर मी खूप विचार केला आणि माझं मत असं झालं की ते संगीत कुणी ऐकलंच नव्हतं, दुकानावरचा बोर्ड वाचावा तसं वाचलं होतं. संथ व्हायोलिन आले म्हणजे आता वाईट वाटून घ्यायचं, पियानोचे दोन सूर आले म्हणजे आठवण, बासरी आली म्हणजे गाव. हे बोर्ड आपण विम्याच्या जाहिरातीत, सिरीयलमध्ये, लग्नाच्या व्हिडिओत इतक्या वेळा वाचलेत की नजर त्यावर थांबतच नाही. त्यात वाद्यांचा काही दोष नाही. समोर बसून कुणी चेलो वाजवला तर अंगावर काटा येतो. पण मी वापरले ते सॅम्पल, म्हणजे दुसऱ्याच कुठल्या तरी देशात, दुसऱ्याच खोलीत, कुठल्याही फिल्मला चालतील असे घासूनपुसून ठेवलेले सूर, आणि आमच्या फिल्ममधल्या तांब्याशी, घामाशी, आळीशी त्यांचा काही संबंध नव्हता.

दुसरी फेरी

मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. ठरवलं की कानाला सवय नसलेलीच वाद्यं वापरायची. हा भाग लिहिताना मला आजही मजा वाटते कारण ते पंधरा दिवस फार आनंदात गेले. नातूबागेजवळच्या राजा केळकर म्युझियममध्ये वाद्यांच्या दालनात दोन दुपारी काढल्या, तिथे एकेक वाद्य असं आहे की बघूनच हात शिवशिवतात, पण सगळं काचेआड, त्यामुळे त्यांचा आवाज मनातच लावून बघायचा. रविवारी जुन्या बाजारात जाऊन लोखंडी स्प्रिंगा, सायकलचे स्पोक, मोठ्या मशीनची एक गोल थाळी आणली. ओळखीतून संबळवाले दादा मिळाले, एका जोगत्याकडून चौंडकं रेकॉर्ड केलं, आणि नंदीबैलवाल्यांच्या गुबगुबीचेही आवाज घेतले.

चौंडकं ज्यांनी जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लाकडाचं पोकळ नळकांडं, एका बाजूला कातडं, त्यातून ओवलेली तात दुसऱ्या टोकाला हातात धरायची आणि ताणत-सैल करत छेडायची. ताण बदलला की सूर वर-खाली पळतो, माणूस बोलताना आवाज चढवतो-उतरवतो अगदी तसा. गुबगुबीत वाकडी काठी कातड्यावर घासायची, त्यानं ते 'गुबु गुबु' येतं. ब्राझीलच्या कुईका नावाच्या चर्मवाद्यातही तत्त्व घासण्याचंच आहे, फक्त तिथं काठी आत बसवलेली असते. १९६८ च्या 'प्लॅनेट ऑफ द एप्स'मध्ये जेरी गोल्डस्मिथनी ही कुईका वापरलीय, शिवाय स्टीलची स्वयंपाकघरातली मोठी भांडी वाजवलीयत. हे मला माहीत होतं, त्यामुळे अंगात बळ आलं होतं.

एका वेल्डर मित्राकडून वॉटरफोनसारखं काहीतरी करून घेतलं. मूळ वॉटरफोन अमेरिकेतल्या रिचर्ड वॉटर्सनी बनवला, पेटंट १९७५ चं. स्टीलचं बंद भांडं, कडेनी वेगवेगळ्या लांबीच्या ब्राँझच्या काड्या, आत थोडं पाणी, काड्यांवर गज फिरवायचा. भांडं हललं की आतलं पाणी सरकतं आणि लागलेला सूर वाकतो. भुताच्या सिनेमात दार उघडायच्या आधी जो आवाज पोटात गोळा आणतो तो बऱ्याचदा हाच.

तर ह्या सगळ्यांचं मिळून बावीस मिनिटांचं संगीत झालं. माझ्या मते आजवरचं माझं सगळ्यात कल्पक काम. तीच माणसं, तोच हॉल.

आणि फिल्म पडली. म्हणजे फोन कुणीही बघितला नाही, उलट सगळे एकदम ताठ बसून ऐकत होते, पण ते फिल्मच्या बाहेर बसून ऐकत होते. चार मिनिटांच्या सीनमध्ये म्हातारा भट्टीपुढे बसून घंगाळाकडे नुसता बघतो, तिथं मैत्रिणीच्या आजींनी शेजारच्या मुलीला हळूच विचारलं, "हे काय गं वाजतंय?" तिनं सांगितलं तिला वाटतं स्प्रिंग असावी. मागून एक जण म्हणाला, "नाही नाही, ते चौंडकं." फिल्म संपल्यावर अर्धा तास वाद्यांवर चर्चा झाली, लोक मनापासून कौतुक करत होते, मला पाणी घातलेला तो डबा दाखव म्हणत होते, आणि म्हाताऱ्याबद्दल एकानंही चकार शब्द काढला नाही.

त्यात संबळाचा आणखी एक वेगळा घोटाळा. मला त्या दोन चामड्यांची चढ-उतार, ती घाई हवी होती. पण आपल्याकडच्या माणसाला संबळ ऐकला की आवाज ऐकू येत नाही, गोंधळ ऐकू येतो, देवी येते, लग्नानंतरचं घर येतं. एका काकूंनी खरंच विचारलं की ह्यांच्या घरात कार्य आहे का. चौंडक्याचंही तेच, त्यातून सरळ यल्लम्मा आणि जोगवा. गुबगुबी वाजली की लहानपणीची गल्ली. म्हणजे जी वाद्यं मी 'अनोखी' म्हणून गोळा केली ती अनोखी माझ्या सॉफ्टवेअरच्या यादीत होती, प्रेक्षकांच्या आयुष्यात त्यांची जागा आधीच पक्की ठरलेली होती.

इथं मला 'द थर्ड मॅन'ची गोष्ट नीट कळली. १९४९ चा सिनेमा, युद्धानंतरचं मोडकं व्हिएन्ना, आणि सगळं संगीत एकट्या झिथरवर, म्हणजे आडवं ठेवून छेडायच्या तंतुवाद्यावर. वाजवणारा आंटोन कारास. तो व्हिएन्नातल्या दारूच्या गुत्त्यांमध्ये वाजवून पोट भरायचा, दिग्दर्शक कॅरल रीडनी त्याला ऐकलं आणि उचलून सिनेमात आणलं. जगाला ते वाद्य नवं होतं, १९५० मध्ये अमेरिकेत त्या सिनेमाची धून अकरा आठवडे पहिल्या नंबरवर राहिली. पण व्हिएन्नाच्या माणसाला तो गल्लीतल्या गुत्त्याचाच आवाज. आणि मला वाटतं ते चाललं ते दोन्हीमुळे, बाहेरच्याला ते काय आहे कळत नाही पण ते ह्याच रस्त्यावरचं आहे एवढं जाणवतं. वाद्य सिनेमाच्या गावातलं होतं. माझी वाद्यं महाराष्ट्रातली होती हे खरं, पण त्या म्हाताऱ्याच्या दुकानातली नव्हती.

ह्याच्या विरुद्ध टोकाचं उदाहरणही आहे, ते लपवत नाही. १९५४ च्या 'नागिन'मधली बीन. संगीत हेमंतकुमारांचं, आणि आपण सगळे ज्याला बीन समजतो ते कल्याणजींनी वाजवलेलं क्लेव्हियोलाइन, जोडीला रवींची पेटी. क्लेव्हियोलाइन म्हणजे फ्रान्समध्ये १९४७ च्या सुमारास निघालेलं विजेवरचं छोटं कीबोर्ड. गारुड्याशी त्याचा काय संबंध? काहीच नाही. तरी आज कुठल्याही पुणेरी वरातीत तो सूर लागला की रुमाल तोंडात धरून लोक जमिनीवर लोळतात. तिथं युक्ती अशी की पडद्यावर बीन दिसते आणि कानाला जे मिळतं ते बीनेपेक्षा जास्त बीनेसारखं आहे, ते नाकात बोलणं, ते घसरत जाणं. प्रेक्षकाला कोडं पडतच नाही कारण उत्तर डोळ्यासमोर आहे.

थेरेमिन ह्या विजेवरच्या वाद्याचं पण असंच काहीसं. ते वाजवताना हात वाद्याला लागतच नाही, दोन अँटेना असतात, एकीपाशी हात हलवून सूर आणि दुसरीपाशी आवाज कमी-जास्त. हिचकॉकच्या 'स्पेलबाउंड'मध्ये १९४५ ला मिक्लोश रोझानी ते मनाच्या आजारासाठी लावलं, त्या संगीताला ऑस्कर मिळालं, आणि हात न लागलेला आवाज म्हणजे स्पर्शाबाहेरचं काहीतरी, हे अगदी चपखल बसलं. पुढे परग्रहावरच्या माणसांच्या सिनेमात इतकं वापरलं की त्याचाही बोर्ड झाला, उडती तबकडी एवढंच आता त्यावर लिहिलेलं असतं.

तिसरी फेरी

दुसऱ्या शोनंतर आठवडाभर मी काही केलं नाही. मग मैत्रीण म्हणाली, जरा आळीत जाऊन बस, रेकॉर्डर नेऊ नको. गेलो.

तांबट आळीत शिरताना आधी आवाज येतो आणि मग आळी दिसते, हे पुण्यातल्या लोकांना माहीत आहे. पेशवाईपासून इथं तांब्याचं काम चालतं, एकेकाळी सगळी घरं ठोकत होती, आता मोजकी राहिलीत. काका मठारत बसले होते. मठारणं म्हणजे भांड्याचा आकार झाल्यावर हातोड्याने त्यावर एकसारख्या खळ्या पाडत जायचं, ओळीनी, गोल गोल, काठापासून बुडापर्यंत. दिसायला नक्षी वाटते पण त्यानं पत्रा कडक होतो, भांडं दणकट होतं.

मी म्हटलं, "काका, तुम्हाला कळतं कसं कुठं अजून ठोकायचंय?"

"ऐकून." त्यांनी शेजारचं एक भांडं घेतलं, भट्टीतून काढून थंड केलेलं, आणि बोटाच्या पेरानं वाजवलं. थप. मातीवर वाजवल्यासारखं. "हे मऊ आहे, ह्याला जीभ नाही." मग मांडीवरचं अर्धं मठारलेलं घंगाळ वाजवलं, खालून वाजवलं तर थप आणि वरच्या ओळींपाशी वाजवलं तर टण्ण आणि तो टण्ण किती तरी वेळ गेला नाही. "जिथं जीभ आली तिथं झालं. बाकी राहिलंय."

तापवलेलं तांबं मऊ पडतं आणि कंपनं स्वतःतच जिरवतं, ठोकून कडक झालेलं तांबं ती जिरवत नाही म्हणून घुमत राहतं, हे मला शाळेत शिकवलं असेल किंवा नसेल, पण त्या दिवशी एकाच भांड्याच्या दोन टोकांना दोन्ही ऐकू आलं. मी आयुष्यात ऐकलेल्या कुठल्याही वाद्यात हे नाही, की वाद्य वाजवता वाजवता तयार होतंय आणि जेवढं तयार झालंय तेवढंच बोलतंय.

दुसऱ्या दिवशी व्हायोलिनचा गज घेऊन गेलो. तयार घंगाळावर फिरवला, काही नाही, नुसती खरखर. काका हसले नाहीत, त्यांनी काठावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "काठ वळवलेला आहे ना, जाड झालाय, तुझा गज धरणार कसा?" घंगाळाचा काठ शेवटी बाहेर वळवून बंद करतात, नाहीतर हात कापेल. मग आतून एक आणलं, मठारून झालेलं पण काठ अजून उघडा. गजाला राळ लावली, काठाला काटकोनात धरून खाली ओढला, आणि ते घंगाळ रडायला लागलं. दुसरा शब्द मला आजही सुचत नाही. खालचा, जाड, थोडा फाटलेला सूर, पोटातून येणारा. घोड्याचे केस काठाला चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात, हे सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि सगळं भांडं त्यात थरथरतं, हात टेकला तर तळव्याला मुंग्या येतात. आत दोन तांबे पाणी ओतलं तर सूर खाली उतरला, आणि वाजत असताना भांडं जरा कलतं केलं तर तो सूर घसरून परत जागेवर आला. म्हणजे आमचा वेल्डिंग केलेला डबा जे करत होता तेच, पण ह्याला अंग होतं.

(एक गंमत, ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी. भांडं ठोकून वाजवाल तर पाणी वाढवलं की सूर उतरतो, जलतरंगात हेच. पण बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून वाजवाल तर पाणी वाढवलं की सूर चढतो, कारण तिथं बाटली वाजत नाही, आतली हवा वाजते आणि ती कमी झालेली असते. 'शोले'तल्या 'मेहबूबा'मध्ये पंचमदांनी बाटल्या अशाच फुंकून घेतल्यात.)

अडचण एवढीच की ते घंगाळ एका गिऱ्हाइकाचं होतं आणि काठ वळवला की हा आवाज कायमचा जाणार होता. काकांनी गिऱ्हाइकाला फोन करून चार दिवस मागून घेतले. मी पैसे विचारले तर म्हणाले आधी काम कर. (पैसे आम्ही दिले, वादकाचे देतात तसे, आणि श्रेयनामावलीत 'घंगाळ आणि हातोडा' असं म्हणून त्यांचं नाव वादकांमध्येच घातलं. ह्यावर मी ठाम आहे. ज्याच्या हातातून आवाज आला तो वादक.)

रेकॉर्डिंगची खरी पंचाईत म्हणजे आळीत शेजारीही ठोकत असतात. माइक लावला की चार दुकानांचे हातोडे आत. मग इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीतून साधे पिएझो आणले, ती पितळी चकती असते ना, तीस-चाळीस रुपयांची, त्या घंगाळाच्या बुडाला चिकटवल्या. ह्या चकत्या हवेतलं काही ऐकत नाहीत, ज्या धातूला चिकटल्यात त्याची थरथर तेवढी उचलतात. हेडफोन लावून ऐकलं तेव्हा असं वाटलं की आपण घंगाळाच्या आत बसलोय आणि बाहेर कुणीतरी हळूहळू दुकान बंद करतंय.

आता भात्याची गोष्ट, जी मला ह्या सगळ्यात सगळ्यात जास्त जवळची वाटते. फिल्ममधल्या म्हाताऱ्याचा श्वास हा मोठा विषय, आणि आवाजात श्वास कसा आणायचा ते जमत नव्हतं. नटाचा श्वास रेकॉर्ड केला तर फारच दवाखाना वाटायला लागला. एका दुपारी काका सांगत होते की पूर्वी भट्टीला हाताचा भाता होता, त्यांची आई ओढायची, आता ब्लोअर आहे. भाता म्हणाले आणि माझ्या डोक्यात दुसराच भाता आला. पेटीचा. आमच्या घरी आजोबांची जुनी पेटी आहे, भजनाची, आता फुटकी, सगळीकडून हवा गळते म्हणून कुणी वाजवत नाही. घरी आलो, पेटी काढली, एकही पट्टी दाबली नाही आणि नुसता भाता ओढला. हवा आत गेली, जुन्या कातड्याची घडी कुरकुरली, आणि फटींमधून हळूच बाहेर आली. थकलेला, कष्टानं घेतलेला, पण दवाखान्यातला नसलेला श्वास. पंच्याहत्तर वर्षं हा आवाज आमच्या घरात होता आणि सूर त्याच्यावर बसायचे म्हणून कुणी ऐकला नव्हता.

शेवटी तीन गोष्टी ठरवल्या. गजावर वाजलेलं घंगाळ, काकांचा हातोडा, पेटीचा भाता. बाकी सगळं काढून टाकलं, वॉटरफोनचा डबासुद्धा, ज्यावर माझा फार जीव होता. एक मोह आणखी झाला. हातोड्याचे ठोके निम्म्या वेगानं वाजवले की सूर एक सप्तक खाली येतो आणि प्रत्येक ठोका देवळातल्या मोठ्या घंटेसारखा होतो, ऐकायला भव्य. पण काकांना ऐकवलं तर ते म्हणाले हे कोण ठोकतंय, हात दिसत नाही. काढलं. पुढे कुठल्याच आवाजाचा वेग बदलला नाही.

बासरी पुन्हा लावायचा प्रयत्न केला होता पण घंगाळाचा सूर काळी चार आणि पांढरी पाचच्या मध्येच कुठेतरी, आणि वर त्याच्या आवाजात जे आणखी सूर मिसळलेत ते तारेसारखे शहाण्या हिशोबात बसत नाहीत, त्यामुळे कुठलंही नीट लावलेलं वाद्य शेजारी आलं की दोघंही बेसूर वाटायला लागतात. शेवटी नटाला इअरफोनमध्ये घंगाळाचा सूर दिला आणि त्याच्यावर एक ओवीसारखी चाल गुणगुणायला सांगितली. गळा जुळवून घेतो, ते पेटीला जमत नाही.

मिक्समध्ये हातोडा संवादांच्या खाली कुठेही चालला नाही. त्याचा टण्णकार नेमका तिथंच असतो जिथं माणसाच्या बोलण्यातले च, ट, स ऐकू येतात, आणि कानही त्याच पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो. मग नियम केला की कुणी बोलत असेल तर हातोडा नाही. त्यामुळे असं झालं की हातोडा थांबला की लोकांना वाटायचं आता कुणीतरी बोलणार, आणि चार मिनिटांच्या सीनमध्ये एकदा तो थांबतो आणि कुणीच बोलत नाही. ही जागा मी ठरवून केलेली नाही, नियमामुळे मिळाली.

आणखी एक प्रश्न पडला होता, की दृश्यातला हातोडा कुठला आणि संगीतातला कुठला हे प्रेक्षकाला कळेल का. मैत्रीण म्हणाली कळायला कशाला हवं. तिनं 'कुंकू'ची आठवण दिली. १९३७ चा प्रभातचा सिनेमा, शांतारामबापूंचा. प्रभात कोल्हापूरहून १९३३ मध्ये पुण्यात आली आणि जिथं तिचा स्टुडिओ होता तिथं आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. त्या सिनेमात वेगळं पार्श्वसंगीत लावलेलंच नाही, घरातले, दृश्यातले आवाजच कामाला लावलेत. म्हणजे आम्ही ज्या वाटेनं धडपडत चाललो होतो ती ह्याच गावात, लॉ कॉलेज रोडच्या टेकडीखाली, कधीच घालून दिलेली होती.

तिसरा शो. तीच माणसं तिसऱ्यांदा बघतायत, त्यांना गोष्ट पाठ आहे, हे लक्षात घेऊन ह्या वेळी पाच नवे लोक बोलावले होते, ज्यांनी आधीचं काही पाहिलेलं नव्हतं. मी पडद्याकडे पाठ करून प्रेक्षकांकडे तोंड करून बसलो. घंगाळ पहिल्यांदा वाजलं तेव्हा दोघा-तिघांच्या माना जरा वर झाल्या, काय आहे हे, आणि तेवढ्यात पडद्यावर घंगाळ आलं आणि माना परत खाली आल्या. एवढंच. त्या अर्ध्या मिनिटात जे झालं ते मला पहिल्या दोन्ही वेळी मिळालं नव्हतं. पहिल्या वेळी प्रश्न पडलाच नाही, दुसऱ्या वेळी पडलेला सुटलाच नाही.

चार मिनिटांच्या सीनमध्ये भाता ओढला जातो तिथं नव्या पाचांपैकी एका मुलानं स्वतःचा श्वास धरला, मी बघत होतो, आणि भात्यातनं हवा सुटली तेव्हा त्यानंही सोडला. आजी ह्या वेळी काही बोलल्या नाहीत. चहाच्या वेळी त्यांनी विचारलं की तो मुलगा नंतर येतो का बापाकडे, आणि मैत्रीण म्हणाली आजी, फिल्म तिथंच संपते, तर त्या म्हणाल्या, "अगं पण यायला हवं त्यानं." वाद्यांबद्दल फक्त दोघांनी विचारलं, तेही जाताना, चपला घालत.

नंतर तीन आठवड्यांनी फिल्म आळीतच दाखवली, काकांच्या ओट्यावर चादर बांधून, रात्री साडेनऊला, सगळे हातोडे बंद झाल्यावर. शेजारपाजारचे पंचवीसेक लोक असतील. काका खुर्चीवर न बसता रोजच्या जागी मांडी घालून बसले होते. संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, काकांना लोक येऊन भेटत होते, मी थोडा लांब उभा होतो. गर्दी कमी झाल्यावर त्यांनी मला हाताने खूण करून बोलावलं.

"चांगलं झालंय. पण शेवटी तुम्ही ओळ अर्धी सोडलीत."

मला कळलं नाही. त्यांनी रिकाम्या हातानं मांडीवर ठोकून दाखवलं. शेवटच्या शॉटमध्ये हातोडा काठाजवळची ओळ घेत असतो आणि तिथं कट होऊन पडदा काळा होतो, आवाजही तिथंच तोडला होता. त्यांनी मोजलं होतं. गोल पूर्ण व्हायला अकरा ठोके राहिले होते.

"अशी ओळ सोडून कुणी उठत नाही रे. दुकान बंद करायचं असलं तरी."

दुसऱ्या दिवशी आम्ही तीन महिन्यांत पहिल्यांदाच एडिट उघडलं. चित्र जिथं काळं होतं तिथंच ठेवलं. आवाज पुढे नेला, काकांच्याच त्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमधले अकरा ठोके, त्याच वेगानं, शेवटचा थोडा हलका, कारण तिथं ओळ जुळते. फिल्म सात सेकंदांनी वाढली.